बारा वर्षांची दाढ

निपाणीजवळची वस्ती,
१४ जून १९३७

चि. रघुवीर यास मष्णूमामाचा आशीर्वाद.

आम्ही सर्व्हिस मोटारीने घरी पोचलो. मालूला यमकनमर्डीच्या पुढे मोटार लागली. वासंतीने दिलेला लाडू तसाच बाहेर आला. ड्रायव्हर ओरडला. जयीने आपल्या पदराने सगळे पुसले. आता दोघी बऱ्या आहेत. हे वासंतीला सांगू नकोस, तिला वाईट वाटेल. किंवा सांग. लाडू चांगला होता.

जयीचा वयाचा दाखला मी मेणकापडात गुंडाळून आढ्याला खोचला होता. मग उंदरांचे भय वाटले म्हणून जोंधळ्याच्या कणगीत ठेवला. तिथे ओल धरेल असे वाटते. कागद ओला झाला तर तो चालतो का, ते कळव. कामावर घालायचा पितळी बिल्ला तिने गळ्यात घातला आहे. धाकटी मालू रडते, मलाही पाहिजे म्हणून. तिला वाटते तो दागिना आहे.

तू दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली कारकून आहेस म्हणून हे काम झाले. पण तुला आमच्या वखारीची रीत माहीत नसेल म्हणून लिहितो. इथे तंबाखूच्या कामाला जोडी लागते. बाई पानाच्या शिरा ओढते, पोर काड्या वेचते आणि माल उचलून चाळणीपाशी नेते. बाई एकटी आली तर रवळू मुकादम तिला बसणी, म्हणजे कामाला बसायची जागा, देत नाही. "एका हातानं टाळी वाजवून दाखव, मग बस," म्हणतो. माझा भरमू गेल्यापासून सूनबाई सत्यव्वा कामाला जाते, आणि तिची जोडी म्हणजे जयी. पूर्वी पाच वर्षांचे पोर असले तरी चालत होते. मागल्या साली जर्दा कुटायला इंजिन बसले आणि इंजिनाबरोबर कायदा आला. आता बाराच्या खालचे पोर दिसले की मालकाला बोलावणे येते. म्हणून जयी दोन महिने घरी होती, आणि सत्यव्वाही.

एक गोष्ट मनात घोळते. मी सांगितलेले वय बरोबर असेल ना? जयी लक्ष्मीच्या जत्रेच्या वर्षी झाली, गाड्याचा कणा मोडला त्याच्या आधी. त्यावरून मी बारा धरले. सत्यव्वा म्हणते साडेअकरा. ती झाली तिच्या आजोळी, तिथे कुणी लिहून ठेवले नाही. डॉक्टरांनी तोंडात बोट घालून दाढ बघितली आणि हो म्हणाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. बैलाचे वय आम्हीही दातावरच ठरवतो. माझ्या मोजणीपेक्षा दाढेवर माझा भरवसा जास्त.

पाऊस नाही. शेळी व्यायला आली आहे.

तुझा मामा,
मष्णू

शहापूर, बेळगाव,
२२ जून १९३७

तीर्थरूप मामांना रघुवीरचा नमस्कार.

पत्र मिळाले. तुम्ही काळजी करू नका. कागद थोडा ओला झाला तरी चालतो, त्यावरचे नाव आणि सही वाचता आली म्हणजे झाले. आमच्या दप्तरात त्याची नोंद आहेच. जयीचे वय तुम्ही बरोबर सांगितलेत. डॉक्टर मागची दाढ बघतात, तिला बारा वर्षांची दाढ म्हणतात. ती आली होती. शंका नाही.

आता काही गोष्टी नीट लक्षात ठेवा. पंधरा वर्षांची होईपर्यंत जयीने दिवसाला पाचच तास काम करायचे. घंटा झाली की तिने बाहेर पडायचे, मुकादम काहीही म्हणो. एका वखारीतून सुटून दुसरीत जायचे नाही. आणि तो बिल्ला फक्त तिचा आहे. दुसऱ्या पोराने तो घालून कामाला जाणे हा गुन्हा आहे, घालायला देणाराचाही. हे मी सगळ्यांनाच सांगतो, तुम्हालाही सांगितले एवढेच.

मालूला शाळेत घाला. नऊ वर्षांच्या पोरीला कायद्याने कुणी कामाला लावू शकत नाही, तेवढी तीन वर्षे तिची आहेत. आमच्या शहापुरात बघवत नाही हो. घराघरात माग आहेत आणि दारात बसून सहा-सात वर्षांची पोरे कांड्या भरतात. इंजिन नाही म्हणून तो कारखाना नव्हे. आणि असता तरी शहापूर सांगली संस्थानाच्या हद्दीत, रस्ता ओलांडला की आमच्या डॉक्टरांना कुणी विचारत नाही. मी रोज त्या पोरांसमोरून चालत जातो आणि पलीकडे जाऊन पोरांचे दात बघायला मदत करतो.

वासंती विचारते, मालूचे केस नंतर कुणी विंचरले का? इथे तिने जटा सोडवल्या तेव्हा मालू एकदाही रडली नव्हती. फक्त म्हणत होती, "काकू, अजून किती ऱ्हायलंय?"

आपला,
रघुवीर

निपाणीजवळची वस्ती,
१९ सप्टेंबर १९३७

चि. रघुवीर यास आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. आमच्याकडे ताप आला होता. दोघी पोरी पडल्या. मालू गेली. गौरी बसल्या त्याच्या आदल्या दिवशी. ओढ्याच्या वरच्या अंगाला पुरले. मारुतीराव पाटलाच्या दप्तरात नोंद झाली आहे.

सत्यव्वा चौथ्या दिवशी कामाला गेली. जयी तिच्याबरोबर जाते.

काही विचारायचे आहे. तुमच्या दप्तरात पोराची उंची लिहिलेली असते काय? तापानंतर पोर खंगते, तसे ते थोडे बुटके होते काय? म्हणजे मापात फरक पडतो काय? आणि दात हलून पडला तर दाखला रद्द होतो काय? मी आपले सहज विचारतो. माझे स्वतःचे तीन दात यंदा पडले.

शेळीला दोन करडे झाली. एक मेले.

मष्णू

शहापूर, बेळगाव,
२५ सप्टेंबर १९३७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

काय लिहू? वासंतीला पत्र वाचून दाखवले तर ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मालू आमच्याकडे एकच दिवस होती. दुधाच्या पेल्यात सगळा हात बुडवून साय काढून खाल्ली होती, आणि मी बघतोय म्हटल्यावर हात पाठीमागे लपवला होता. आमची बेबी अजून विचारते, ती मोटारीत ओकणारी ताई कधी येणार. मामा, शेवटी मी सांगूनही टाकले होते वासंतीला लाडवाचे. तेव्हा आम्ही हसलो होतो.

सत्यव्वाला काय सांगू? तुम्हीच सांगा, आम्ही आहोत म्हणून.

तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर. उंची लिहिलेली असते. तापाने पोर वाळते, बुटके होत नाही. थोडे वाकून उभे राहिले तर मापात फरक पडतो, त्याचे काही नाही. दात पडल्याने दाखला जात नाही. जयी फार खंगली आहे का? तुमच्या पत्रावरून मला तसे वाटते. खंगली असेल तर तिला काही दिवस कामावर पाठवू नका. शेळीचे दूध तिलाच द्या.

दिवाळी झाली की डॉक्टर निपाणीच्या वखारी बघायला येणार आहेत. बरोबर मी असेन. काम उरकले की घरी येईन, सत्यव्वाला भेटेन, ओढ्यावर जाऊन येईन. जयीला डॉक्टरांकडून तपासूनही घेता येईल.

आपला,
रघुवीर

निपाणीजवळची वस्ती,
१ नोव्हेंबर १९३७

चि. रघुवीर यास आशीर्वाद.

तू येणार म्हणतोस, पण सध्या येऊ नकोस. रस्ता खराब आहे. वस्तीत अजून ताप आहे, तुला लहान बेबी आहे. डॉक्टरांनाही सांगून बघ, पुढच्या साली आले तर बरे.

जयी ठीक आहे. तिला तपासण्याची गरज नाही. तोंड आले आहे, त्यामुळे आ करवत नाही. डॉक्टर तोंड न बघता नुसते हातपाय बघून वय ठरवतात काय?

मी जास्त लिहीत नाही. दिवाळीचे आमच्याकडे काही नाही.

मष्णू

शहापूर, बेळगाव,
१७ नोव्हेंबर १९३७

मामा,

परवा वखारीतून मी तुमच्या घरी न येता तसाच परत आलो. का ते तुम्हाला माहीत आहे. तरी जे झाले ते लिहितो, म्हणजे तुम्हाला रवळू मुकादमाकडून वेगळे ऐकावे लागणार नाही.

आम्ही गेलो तेव्हा बाया ओळीने बसल्या होत्या, प्रत्येकीच्या बाजूला तिची जोडी. धुळीने सगळे पिवळे झाले होते. डॉक्टर शिंकत शिंकत पुढे जात होते आणि मी दप्तर धरून मागे. रवळू पुढे पुढे करत होता. सत्यव्वापाशी आलो. तिने मान वर केली नाही. रवळू म्हणाला, "ही आमची जयी, साहेब. कामाला लई चलाख. उठ गं, नाव सांग साहेबांस्नी."

मालू उठली.

मामा, मी तिला ओळखले. तिनेही मला ओळखले, कारण तिने हात पाठीमागे नेले. गळ्यात बिल्ला होता, तो पोटापर्यंत लोंबत होता.

"नाव?"

"जयाबाई."

"वय?"

"बारा."

"आ कर," डॉक्टर म्हणाले. तिने आ केला. तोंड आलेले नव्हते. डॉक्टरांनी बोट आत फिरवले आणि विचारले, "हिची दाढ कुठे आहे?"

"कमी खाती साहेब, म्हणून उशीर लागलाय," रवळू म्हणाला. बाया हसल्या. सत्यव्वा शिरा ओढत राहिली.

"दाढ खाण्यावर येत नाही, वर्षांवर येते. ही पोर दहाचीसुद्धा नाही." डॉक्टरांनी दाखला मागितला. त्यावर त्यांची सही होती आणि माझे अक्षर. ते माझ्याकडे वळले. "जूनमध्ये मी दाढ बघून सही केली होती. दाढ परत आत गेली काय? रघुवीर, तेव्हा आणलेली मुलगी हीच का?"

मी म्हणालो, "हीच असावी, साहेब."

त्यांनी दाखल्यावर आडवी रेघ मारली. बिल्ला काढून घेतला. रवळूला म्हणाले, पुन्हा ही इथे दिसली तर मालकावर खटला. मग ते पुढची ओळ तपासू लागले.

मी खोटे बोललो. तुम्हाला धरून नेतील या भीतीने बोललो. ते माझे मी बघेन. पण मला एवढे तुमच्या हाताने लिहून पाहिजे. ओढ्यावर कोण आहे?

रघुवीर

निपाणीजवळची वस्ती,
५ डिसेंबर १९३७

चि. रघुवीर यास.

जयी आहे.

तुझे पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज बसतो आणि उठतो. आज लिहितो.

दोघींना ताप होता. मालूचा उतरला, जयीचा उतरला नाही. सकाळी ती गेली. लोक जमायच्या आधी रवळू आला. टोपी काढून दारात उभा राहिला. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "वाईट झालं, आज्जा." थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "सत्यव्वाची बसणी चार दिस राखतो. फुडं माझ्या हातात न्हाय. जोडी लागंल, आन् जोडीला बिल्ला लागंल."

तो गेला आणि पाटलाचा माणूस आला, नोंदीसाठी. तो भरमूचा सोबती, त्याला दोघी पोरी माहीत. पण त्याने आत डोकावले नाही. बाहेरूनच विचारले, "कुठली गेली, थोरली का धाकटी?"

मी म्हणालो, धाकटी.

आधी ठरवले नव्हते. सत्यव्वाशी बोललो नव्हतो. जयीचा दाखला आहे आणि मालूचा नाही, एवढे डोक्यात होते. सत्यव्वा आत जयीला न्हाऊ घालत होती. तिने ऐकले. तिचा हात थांबला आणि मग ती पुन्हा पाणी घालू लागली. आम्ही त्यावर कधी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी मातीवर दूध घालायला गेलो. आमच्यात दूध घालताना पोराचे नाव घेऊन एकदा हाक मारतात आणि मागे न बघता येतात. पाटलाचा माणूस बांधावर उभा होता. सत्यव्वाने मालूच्या नावाने हाक मारली. मालू तिच्या बाजूलाच होती. तिने वर बघितले. सत्यव्वाने तिचे तोंड पदरात दाबून धरले. तसेच घरी आलो.

वस्तीत सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही. प्रत्येकाच्या घरात कुणाचे ना कुणाचे वय वाढवलेले आहे. मालूला घरात जयी म्हणायची सवय केली, नाहीतर वखारीत तोंडून जायचे. पहिले काही दिवस ती हसत होती. मग हसायची थांबली.

आता रेघ मारल्यावर काय झाले तेही लिहितो. दुसऱ्या दिवशी रवळूने माल घरी पाठवला. म्हणाला, घरात इंजिन न्हाय, घरात कायदा येत न्हाय, जोडीनं बसा. खरे आहे काय ते मला माहीत नाही, पण सगळे तसेच करतात. सकाळी उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत दोघी काड्या काढतात. वखारीत घंटा व्हायची, मालू सुटायची, ओढ्यात हातपाय धुऊन यायची. घरात घंटा नाही. तंबाखू आता भाकरीला लागते, अंथरुणाला लागते. मालूला चक्कर येते. ती काही मागत नाही.

मला वाटते आपण तिला बिल्ल्यातून काढून आणखी वाईट जागी आणले. आपण म्हणजे तू नव्हे. मी.

तुझ्या नोकरीचे काय झाले ते कळव. त्याचा घोर लागला आहे.

मष्णू

शहापूर, बेळगाव,
११ डिसेंबर १९३७

तीर्थरूप मामांना नमस्कार.

तुमचे पत्र वासंतीला वाचून दाखवले नाही, तिच्या हातात दिले. तिने वाचून घडी घातली आणि म्हणाली, "मालूला आणा."

तेवढेच ती म्हणते. दोन दिवस झाले, भाजी निवडतानाही तेच. "आमच्या बेबीबरोबर शाळेत जाईल. काय लागतंय एका पोरीला?" मी म्हटले, मामांना विचारायला हवे. ती म्हणाली, "मामांना विचारू नका, सांगा." म्हणून सांगतो.

पण त्याआधी एक काम तुम्हाला करावे लागेल आणि ते माझ्याने होणार नाही. मारुतीराव पाटलाकडे जाऊन नोंद बदलून घ्या. तुम्ही म्हणाल, पोरगी बेळगावला जाणार तर नोंदीचे काय? ऐका. नोंदीप्रमाणे तुमच्या घरात आज जयी नावाची बारा वर्षांची मुलगी आहे. डॉक्टर बदलतील. दुसरे येतील, घाईत असतील. कधी माल घरी यायचा थांबला की रवळू त्या जयीला घेऊन पुन्हा दाखल्याला उभी करील, आणि नोंद दाखवून म्हणेल, वय तर झालेलेच आहे. बारा वर्षांच्या मुलीला काम देता येते. नऊ वर्षांच्या मुलीला देता येत नाही. कायद्यात तिला राखणारी गोष्ट एकच आहे, ती म्हणजे तिचे लहान असणे, आणि ते आपण तिच्याकडून काढून घेतले. तिला पुन्हा नऊ वर्षांची करा, मामा.

घरच्या माणसांनी घरात केलेल्या कामाला कायदा हात लावत नाही, हे रवळू खरे बोलला. म्हणून तिला त्या घरातूनच काढायला हवे. तुम्हाला हे लागेल. लागू द्या.

खोट्या खबरेबद्दल तुम्हाला चिकोडीला मामलेदारापुढे बोलावतील. दंड होईल किंवा दम देऊन सोडतील, नक्की सांगता येत नाही. वकिलाकडे विचारून ठेवले आहे.

माझ्या नोकरीचे विचारलेत. मी डॉक्टरांना सगळे सांगितले. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मला त्याच दिवशी कळले होते. तू कधी सांगतोस ते बघत होतो." मला आता दाखल्यांच्या कामावरून काढून औषधांच्या कोठीत बसवले आहे. पोरांचे दात बघावे लागत नाहीत.

आपला,
रघुवीर

निपाणीजवळची वस्ती,
९ जानेवारी १९३८

चि. रघुवीर आणि चि. सौ. वासंती यांस आशीर्वाद.

तुमचे पत्र आल्यावर मी पंधरवडाभर काही केले नाही. चिकोडीचे भय वाटत होते, खोटे कशाला बोलू. माझ्या वयाच्या माणसाला कोंडले तर तिथे पाणी तापवून देतात काय, असले विचार येत होते. सत्यव्वाला सांगितले तर ती म्हणाली, "तुमास्नी वाटंल तसं करा, मामंजी." मालू बेळगावला गेली तर तिची जोडी मोडते, हे तिने बोलून दाखवले नाही.

मग मालूनेच विषय काढला. तिने आमचे बोलणे ऐकले असणार. काड्या वेचता वेचता म्हणाली, "आज्जा, बेळगावच्या शाळंत कोण जाणार? जयी का मालू?"

मी म्हणालो, "मालू."

"मग हितं अव्वासंगं जयी बसंल न्हवं?"

"तू दोन्हीकडं कशी असशील गं?"

"सकाळी जयी, दुपारी मालू. वखारीत बी अर्धाच दिस असायचा की."

ती थट्टा करत नव्हती. तिने नीट विचार करून वाटणी केली होती. तिची अव्वा, सत्यव्वा, उठून परड्यात गेली. मी काठी घेतली आणि पाटलाकडे गेलो.

मारुतीराव चावडीवर होते. मी सांगितले. त्यांनी दोनदा सांगायला लावले.

"म्हंजे मेलेली जित्ती करायची म्हणतोस?"

"व्हय."

"आन् जित्ती हाय ती मारायची."

"व्हय."

"म्हातारपणी येड लागलं काय रं तुला? समद्यांस्नी ठावं हाय, कोण काय बोललं का? हे एकदा लिहिलं की कागद चिकोडीला जाणार. तुला उभं करतील तिथं."

"करू द्यात."

"मग नीट बोल. मी माझ्या मनानं लिहिणार न्हाय. कोण मेलं?"

मी उभा होतो. इतक्या महिन्यांत हे मी मोठ्याने कुणाजवळ बोललो नव्हतो. तुलाही लिहूनच कळवले. मी म्हणालो, "जयी. भरमूची थोरली." त्यांनी लिहून घेतले. मला वाटले होते बोललो की काहीतरी होईल, रडू येईल, छातीत कळ येईल. काही झाले नाही. पाटलाने पानाचा डबा पुढे केला. मी पान खाल्ले आणि सही केली. सही बरी आली.

घरी येऊन सत्यव्वाला सांगितले. ती म्हणाली, "मग दूध पुन्यांदा घालाय लागंल." शेळीचे दूध काढले आणि आम्ही दोघे ओढ्यावर गेलो. तिने जयीच्या नावाने हाक मारली, नेहमी जेवायला बोलावते तशी. मग मागे न बघता आलो. येताना वाटेतल्या शेणी तिने गोळा केल्या.

चिकोडीचे बोलावणे आले आहे, संक्रांतीनंतर. वकिलाला कळव.

जोडीचे असे केले. रवळू माल घेऊन आला तेव्हा मी सत्यव्वाच्या बाजूला बसलो होतो. तो म्हणाला, "पोरगी कुठाय?"

मी म्हणालो, "जोडी मी."

तो हसला. "आज्जा, आ कर. दाढ दाखीव." मी आ केला. आत काही नाही. तो आणखी हसला, पण माल ठेवून गेला. माझी बोटे हळू चालतात. सत्यव्वा माझ्या वाटणीतलेही ओढते. म्हाताऱ्यांना कामाला लावू नये असा काही कायदा आहे काय? नसावा. असला तरी कळवू नकोस.

मालूला येत्या शनिवारच्या सर्व्हिस मोटारीने पाठवतो. पाटलाचा माणूस बेळगावला बाजाराला येणार आहे, तो मोटारअड्ड्यापर्यंत आणून सोडील. तू न्यायला ये. पोटात काही न घालता पाठवतो. वासंतीने आल्या आल्या खायला देऊ नये, थोडे थांबावे. रात्री झोपेत तिचे हात काड्या वेचल्यासारखे हलतात, त्याला भिऊ नये. हात धरला की थांबतात.

आणखी एक. मालू म्हणून हाक मारली तर ती लगेच ओ देत नाही. बहिरी नाही. वासंतीला सांग, थांबून पुन्हा मारावी.

तुमचा मामा,
मष्णू